हडळीला कुणी विचारले का?

यंदाच्या ३ जानेवारीची गोष्ट. जुन्नरजवळच्या एका वस्तीत क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या जयंतीचा कार्यक्रम होता. वंदना झाली, प्रतिमेला हार घातला, पाहुण्यांची भाषणे झाली आणि मग मुलींचे कवितावाचन सुरू झाले. मी निवृत्त शिक्षिका, म्हणून मला अध्यक्षांच्या खुर्चीत बसविले होते. दोन-तीन मुलींनी सावित्रीमाईंवर कविता म्हटल्या. नंतर नववीतली एक मुलगी वही घेऊन उभी राहिली आणि कवितेचे नाव सांगितले, 'हडळ'.

मागे बसलेली पोरे फिदीफिदी हसली. पण मुलगी घाबरली नाही. तिच्या कवितेतली हडळ नाल्यावरून निघून रात्री एका घराच्या दाराशी येते. कुणाला झपाटत नाही, कुणाचे मूल मागत नाही. एवढेच विचारते, की माझे पाय उलटे कसे झाले हे तुमच्यापैकी कुणी कधी विचारले का?

कविता संपली तेव्हा बायका गप्प होत्या. एवढ्यात पुढच्या ओळीतले एक वडीलधारे गृहस्थ उठले. म्हणाले, "पोरी, कविता तू चांगली म्हटलीस. पण विहारात हडळ कशाला? बाबासाहेबांनी आपल्याला या चिखलातून वर काढलं. आपण देव सोडले, अंगारे-धुपारे सोडले. आता आपल्याच पोरी भुताखेतांवर कविता करायला लागल्या, तर पुन्हा मागं जायचं का आपण?" टाळ्या पडल्या. मुलीने वही मिटली आणि खाली मान घालून बसून राहिली.

सगळे माझ्याकडे पाहू लागले. अध्यक्षांनी काहीतरी बोलायचे असते. मी काय बोलले? "दोघांचेही म्हणणे विचार करण्यासारखे आहे," असे गुळमुळीत चार शब्द बोलले आणि वेळ झाला म्हणून आभाराकडे वळले. एस.टी.त बसून घरी येताना मला माझी लाज वाटली. जे त्या दिवशी बोलायला हवे होते, ते आज या पानावर लिहीत आहे.

प्रथम हे सांगते, की त्या गृहस्थांचा प्रश्न खोटा नाही. मी १९५६ सालची, म्हणजे धर्मांतराच्या वर्षी जन्मलेली. आंबेगाव तालुक्यात घोड नदीच्या काठी आमची वाडी होती. माझ्या जन्माआधीच्या नाही, पण नंतरच्या आठवणी माझ्याकडे आहेत. वडील मंडळींनी घरातले टाक नदीत सोडले होते. मरीआईकडे जाणे बंद केले होते. परंतु खरे सांगायचे तर आमच्या घरातून देव गेले, भुते मात्र राहिली. डोहाकडेला शेंदूर लावलेले सात दगड होते, साती आसरांचे. तिन्हीसांजेला तिकडे फिरकायचे नाही, केस मोकळे सोडून पाण्यावर जायचे नाही, असे आई बजावून सांगे. नाल्यावर हडळ होती. पिंपळावर मुंजा होता. आम्हा मुलींच्या बाहेर जाण्याच्या प्रत्येक वाटेवर कुणी ना कुणी बसलेलेच होते.

थोडे मोठे झाल्यावर या भुतांची वंशावळ मी वाचली, तेव्हा चकित झाले. आपल्याकडे जुन्या लोकांनी बायकांच्या भुतांचे प्रकार पाडून ठेवले आहेत. बाळंत होऊन दहा दिवसांच्या आत जी मरते ती हडळ. नवरा जिवंत असताना जी मरते ती जखीण. विधवा मरते ती लावसट. म्हणजे बाई कशीही मेली तरी तिच्यासाठी एक जागा तयारच! आणि ती कशाने मेली, ताप होता, रक्तस्राव झाला, की कुणी जीव घेतला, हे त्या यादीत कुठेच नाही. बाईच्या मरणाचे कारण विचारायचे नाही, तिला भ्यायचे. एवढे केले की घरातले सगळे मोकळे.

आता माझ्याच घरातली गोष्ट सांगते. आजवर मी ती कुठे लिहिली नाही.

माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको लवकर विधवा झाली होती. आम्ही तिला नुसते 'थोरली' म्हणायचो. ती सुईण होती. वाडीतली आणि आसपासच्या चार वाड्यांतली किती मुले तिच्या हातांवर जन्मली, याचा हिशेब नव्हता. माझीही नाळ तिनेच कापली होती. १९६४ सालच्या पावसाळ्यात शेजारच्या वाडीतल्या एका बाईचे बाळंतपण अडले. मूल झाले, पण वार पडली नाही आणि रक्त थांबेना. घोडला पूर आला होता. रात्र होती, बैलगाडीखेरीज साधन नव्हते. पहाटे ती बाई गेली. त्याच महिन्यात वाडीतली दोन लहान मुले जुलाब-उलटीने गेली.

कुणीतरी देवऋषी आणला. त्याने तांदूळ टाकले, डोळे फिरविले आणि बोट दाखविले थोरलीकडे. बाळंतिणीला तिनेच खाल्ले, पोरे तिनेच खाल्ली, असे ठरले. त्या दिवसापासून थोरलीला पाणवठ्यावर सगळ्यात शेवटी पाणी भरावे लागे. कुणाची कूस उजवायची वेळ आली तरी तिला बोलावणे बंद झाले. ती रस्त्याने निघाली की पोरे मागे लागत, "चेटकीण आली, चेटकीण आली!"

त्या पोरांत मीही होते. मी आठ वर्षांची होते, हे सांगून मला सुटता येणार नाही. एके दिवशी सगळ्यांनी दगड मारले, मीही मारला. माझा दगड तिच्या घोट्याला लागला. ती थांबली, वळली आणि तिला मी दिसले. ती म्हणाली, "तू बी का गं, बाय?" बस, एवढेच.

पुढच्याच उन्हाळ्यात ती मुंबईला भावाच्या खोलीवर निघून गेली आणि तिकडेच वारली. मी तिची क्षमा मागितली नाही. आईने फार वर्षांनी, माझे पहिले बाळंतपण झाले तेव्हा, मला सांगितले की त्या रात्री "हिला आत्ताच्या आत्ता घोडेगावच्या दवाखान्यात न्या" असे म्हणणारी एकटी थोरलीच होती. पुरुष म्हणाले, उजाडू द्या. उजाडले तेव्हा उशीर झाला होता. मग उशीर कुणी केला, हा प्रश्न निघण्याआधीच चेटकीण सापडली. आणि ती गेलेली बाळंतीण? ती नाल्यावरची हडळ झाली. एकाच रात्रीतून दोन बायका निघाल्या, एक मेलेली आणि एक जिवंत. दोघींनाही आम्ही भूत करून टाकले.

आमची ती वाडी आता नाही. डिंभे धरण झाले आणि तालुक्याला ज्याचे नाव आहे ते मूळ आंबेगावसुद्धा पाण्याखाली गेले. नालाही गेला, साती आसरांचे दगडही गेले. पण गोष्ट बुडत नाही. माझ्या नातीला शेजारची मुले परवा त्याच हडळीची भीती दाखवीत होती.

म्हणून मला त्या मुलीची कविता मोलाची वाटते. भूत मानणे वेगळे आणि भुताला प्रश्न विचारणे वेगळे. भूत मानणारा घाबरतो आणि गप्प बसतो. भुताला प्रश्न विचारणारा त्याच्या मागे लपलेल्या माणसाला शोधतो. त्या मुलीने हडळीची पूजा केली नाही, तिला उतारा टाकला नाही. तिची जबानी घेतली.

आणि हे काम करणारी ती पहिली नव्हे. ज्यांच्या जयंतीला आपण जमलो होतो त्या सावित्रीबाईंचा 'काव्यफुले' हा संग्रह १८५४ साली निघाला, तेव्हा त्या तेवीस वर्षांच्या होत्या. त्यात 'नवस' नावाची कविता आहे. दगडधोंड्यांना नवस बोलून मुले होतात असे मानणाऱ्यांची त्यात त्यांनी चांगलीच कानउघाडणी केली आहे. पण त्याच संग्रहात फुलपाखरू आणि फुलाची कळी यांचीही कविता आहे. फुलपाखरू आणि कळी ही बोलण्याची पात्रे, जशी लहान मुलांच्या गोष्टीत असतात तशी. परंतु वाचता वाचता कळते की ही बाईच्या आणि पुरुषाच्या वागण्याची गोष्ट आहे. अंधश्रद्धेवर कोरडा ओढणारी आणि गोष्टीतून बाईचे दुःख बोलणारी बाई एकच होती. तिला त्यात विरोध वाटला नाही. मग आपल्याला का वाटावा?

आणि जुन्नरकरांनी हे विसरू नये, की सावित्रीबाई आपल्याच भागात राहून गेल्या आहेत. २० एप्रिल १८७७ चे त्यांचे जोतिरावांना लिहिलेले पत्र ओतूरहून लिहिलेले आहे. तो मोठ्या दुष्काळाचा काळ होता. माणसांचे आणि जनावरांचे हाल, सत्यशोधक मंडळींचे मदतकार्य, हे सारे त्यात आहे. ज्या बाईने १८५४ साली कळीची आणि फुलपाखराची कविता केली, तीच बाई तेवीस वर्षांनी ओतूरला दुष्काळात उभी होती. कविता करणाऱ्या बाया कामाच्या नसतात असे म्हणणाऱ्यांनी हे पत्र वाचावे.

माझी मुलगी पुण्यात कॉलेजात इंग्रजी शिकविते. मी तिला हा प्रसंग सांगितला तेव्हा ती म्हणाली, "आई, हे सगळ्या जगात चाललं आहे." तिने मला सांगितले की अमेरिकेत ॲन सेक्स्टन नावाच्या कवयित्रीने १९७१ साली 'ट्रान्सफॉर्मेशन्स' नावाचा संग्रह काढला. ग्रिम बंधूंच्या परीकथा घेऊन तिने त्या बाईच्या नजरेने पुन्हा सांगितल्या. इंग्लंडात कॅरल ॲन डफी यांचा 'द वर्ल्ड्स वाइफ' हा संग्रह १९९९ साली आला. त्यातली पहिलीच कविता लाल टोपीवाल्या मुलीची आणि लांडग्याची आहे. त्याच डफी २००९ साली ब्रिटनच्या राजकवी झाल्या. त्या पदावर बसलेल्या त्या पहिल्या स्त्री. आपल्याकडेही हिरा बनसोडे यांनी यशोधरेवर कविता लिहिली. सिद्धार्थाच्या गृहत्यागाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. पण मागे राहिलेल्या बाईला शब्द देणे ही नवी गोष्ट होती. त्याने तथागतांचा मान कमी झाला नाही, आपली समज वाढली.

लाल टोपीवाल्या मुलीची गोष्ट मुलीने मला पुरती सांगितली तेव्हा मला हसू आले. लांडगा जंगलात फिरतो आणि उपदेश मात्र मुलीला, की वाट सोडू नकोस. आमच्या जुन्नरला लांडग्याच्या जागी बिबट्या आहे. उसाचे क्षेत्र वाढले तसा तो उसात राहू लागला आणि माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्रच काढावे लागले. बिबट्या काही मुलगा-मुलगी पाहून येत नाही. पण त्याची बातमी आली की संध्याकाळचा क्लास बंद होतो तो मुलीचाच. बिबट्या पिंजऱ्यात गेला तरी ती घरीच राहते. माझ्या शिकविण्याच्या काळात अशा किती मुली शाळेतून गळाल्या, त्या माझ्या डोळ्यांसमोर आहेत. भीती खरी असते, पण तिचा हिशेब नेहमी मुलीच्याच नावावर मांडला जातो.

आता विहारात हडळ कशाला, या प्रश्नाकडे येते. त्या गृहस्थांना मी आदराने सांगू इच्छिते, की दादा, आपल्या धम्माच्या ग्रंथांत या मंडळींना दार बंद नाही. थेरीगाथा घ्या. ७३ थेरींच्या या गाथा म्हणजे स्त्रियांनी स्वतःबद्दल स्वतः बोललेली जगातली फार जुनी कविता. त्यात सोमा थेरी श्रावस्तीजवळच्या अंधवनात ध्यानाला बसते आणि मार तिच्यापुढे येतो. ऋषींनाही जे अवघड, ते दोन बोटांच्या अकलेच्या बाईला कुठून मिळणार, असे तो तिला हिणवितो. भात शिजला की नाही हे दोन बोटांत शीत दाबून पाहणारी ती दोन बोटांची अक्कल! सोमा त्याला सांगते की चित्त स्थिर असेल तर बाईपणाचा प्रश्न येतोच कुठे. संयुत्त निकायात अशा दहा भिक्षुणींना मार भेटतो. दहाही जणी त्याला ओळखतात, आणि हिने आपल्याला ओळखले हे कळताच तो खिन्न होऊन नाहीसा होतो. त्या मंत्र म्हणत नाहीत, ताईत बांधत नाहीत. त्याला नावानिशी ओळखतात आणि उत्तर देतात. आमच्या मुलीने दुसरे काय केले?

दुसरी गोष्ट काली यक्षिणीची. धम्मपदातल्या वैराविषयीच्या पाचव्या गाथेबरोबर अट्ठकथेत ती सांगितली आहे. दोन सवतींचे वैर जन्मोजन्मी चालते. एका जन्मी मांजर आणि कोंबडी, एका जन्मी हरिणी आणि बिबट्याची मादी, आणि शेवटी एक श्रावस्तीची बाई, दुसरी मुले खाणारी यक्षिणी. यक्षिणी मागे लागते तेव्हा ती बाई मूल घेऊन जेतवनात धावत जाते आणि ते तथागतांच्या पायांशी ठेवते. तथागत काय करतात? यक्षिणीला हाकलून देत नाहीत. तिला आत बोलावून घेतात आणि त्या आईला सांगतात, तुझे मूल हिच्या हातात दे. आई भीत भीत देते. यक्षिणी मुलाचा मुका घेते आणि रडू लागते, की आता मी पोट कसे भरू? मग तथागत त्या बाईलाच सांगतात, हिला घरी ने आणि जेवू घाल. पुढे तीच यक्षिणी पाऊस किती पडेल ते सांगून गावाच्या पेरणीला मदत करू लागते. चमत्कार बाजूला ठेवा. मला त्यात एवढेच दिसते, की जिला सगळ्यांनी चेटकीण ठरविले तिला आत घेऊन "तुला काय हवे" हे विचारणारे कुणीतरी होते. आमच्या थोरलीला असे कुणी मिळाले नाही. हीच यक्षिणी, पाली भाषेतली यक्खिनी, आपल्या बोलीत जखीण झाली. मुले खाणाऱ्या आणि पुढे मुलांची राखण करू लागलेल्या हारीतीची मूर्ती अजिंठ्याच्या दोन नंबरच्या लेण्यात आजही आहे.

इतके लांब तरी कशाला जायचे? जुन्नरच्या दक्षिणेला मानमोडीच्या डोंगरात भूतलिंग म्हणतात तो लेण्यांचा गट आहे. तिथल्या चैत्याच्या दर्शनी भागावर चंद नावाच्या यवनाच्या दानाचा लेख आहे. कमानीत हत्तींच्या मधोमध कमळावर उभी असलेली स्त्री आहे. वर स्तूपाच्या एका बाजूला नागफणा धारण केलेला पुरुष आणि दुसऱ्या बाजूला पंख असलेला, म्हणजे गरुड. जन्माचे वैरी, पण दोघे एकाच स्तूपाला लागून उभे आहेत. लोक त्या लेण्याला भुताचे म्हणतात आणि मुली तिकडे जायला भितात. परंतु याच जुन्नरच्या एका शिलालेखात नगरातल्या भिक्षुणींच्या उपाश्रयाचा उल्लेख आहे, धम्मोत्तरीय संघाच्या. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी घर सोडून आलेल्या, शिकणाऱ्या बायका या गावात राहत होत्या. कदाचित त्यांनी गाथाही म्हटल्या असतील. ज्या डोंगराला आपण भुताचा म्हणतो, तो ज्ञानाचा होता. ही अदलाबदल कशी झाली, हेही एखाद्या मुलीने कवितेत विचारावे.

राहिला प्रश्न अंधश्रद्धेचा. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा पुण्यात २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. एखाद्या माणसाला करणी करणारा, जादूटोणा करणारा ठरवून त्याचे जगणे अवघड करणे हा आज गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. थोरलीच्या वेळी हा कायदा असता तर तो देवऋषी तुरुंगात गेला असता. पण मी विचार करते, माझ्या हातातला दगड कायद्याने थांबला असता का? त्या आठ वर्षांच्या मुलीला कुणीतरी एखादी दुसरी गोष्ट सांगायला हवी होती. चेटकीण खरे तर कोण होती, ही गोष्ट. ती सांगणारे कुणी नव्हते. आता ती मुलीच लिहू लागल्या आहेत, तर आपण त्यांच्या वह्या मिटवू नयेत.

परवा मी त्या मुलीच्या घरी गेले. तिच्या आईने चहा केला. मी मुलीला म्हटले, "बाय, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं, बोलले नाही. माझं चुकलं." ती लाजली. मग मी तिला थोरलीची गोष्ट सांगितली, दगडासकट. ती बराच वेळ काही बोलली नाही. नंतर तिने वही उघडली. तिची आणि तिच्या आईची परवानगी घेऊन तिच्या कवितेचा शेवट इथे देते.

पाय उलटे नाहीत गं माझे.
मला गावाबाहेर नेलं तेव्हा
ते घराकडे वळले होते,
रडणाऱ्या तान्ह्याकडे.
तसेच राहिले.
तुम्ही भ्यालात,
मी फक्त परत येत होते.

भगिनींनो, तुमच्याही घरात, वाडीत अशी एखादी थोरली असेल, एखादी नाल्यावरची असेल. म्हाताऱ्या बायकांना विचारा, ती कोण होती, कशाने गेली, त्या रात्री कुणी काय म्हटले. आणि मुलींना ते लिहू द्या. त्या मुलीने आता दुसरी कविता सुरू केली आहे. तिचे नाव तिने 'थोरली' ठेवले आहे. येत्या ३ जानेवारीला ती वाचील तेव्हा मी श्रोत्यांत बसणार आहे, आणि कुणी काही बोलले तर या वेळी उठून उत्तर देणार आहे.